तीनशे बारा अस्पष्ट चित्रं

१

मारितचं पत्र मला एकोणीस ऑगस्टला मिळालं. दोन पानं, हाताने लिहिलेली. मी उत्तर दिलं नाही. द्यायचं नव्हतं असं नाही. सात वेळा लिहायला बसलो आणि सातही वेळा दुसऱ्या परिच्छेदात अडकलो. शेवटी ते पत्र मी जंगलांच्या जुन्या नकाशांच्या गठ्ठ्यात ठेवलं. दुसरा कुणी असता तर ते तिथे विसरलं गेलं असतं. पण मी तो गठ्ठा रोज उघडतो.

पत्रात खरा प्रश्न एकच होता. 'एंडेलकाका, आपलं यंत्र सैन्याला द्यायचं चाललंय. सीमेवरच्या सरोवराच्या पलीकडच्या जंगलातही माणसं हिंडतात. त्यांची किती चित्रं आहेत आपल्याकडे? तुम्ही समितीत आहात. हे बरोबर आहे का, एवढं सांगा.'

ही समिती म्हणजे काय ते सांगायला हवं. तार्तूच्या विद्यापीठ ग्रंथालयात मी चाळीस वर्षं नकाशांचा विभाग सांभाळला. निवृत्त झाल्यावर राग्नार सेपामेगी हा तरुण माणूस माझ्याकडे आला. त्याच्या कंपनीने एक कृत्रिम बुद्धिमत्ता तयार केली होती. बचावपथकाच्या ड्रोनने वरून काढलेल्या चित्रांत ती माणसं शोधायची. दर शरद ऋतूत अळंबी वेचायला गेलेली म्हातारी माणसं आमच्या जंगलांत आणि दलदलींत वाट चुकतात. या यंत्राने दोन वर्षांत एकोणसाठ जणांना शोधून काढलं. यंत्राचा उपयोग कुठे करावा, कुठे करू नये, हे सांगायला राग्नारने तिघांची समिती नेमली: एक पाद्री, एक प्राध्यापक आणि मी. नियम सोपा होता. प्रस्ताव आल्यापासून चौदा दिवसांत कुणी लेखी हरकत घेतली नाही, तर होकार समजायचा. आमच्याकडे न बोलणारा माणूस सहसा राजी असतो, त्यामुळे या नियमात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. प्राध्यापकांनी होकार कळवला. पाद्री परदेशी जाऊन बसले होते. मी गप्प राहिलो. दोन सप्टेंबरला करार झाला.

आठ ऑक्टोबरला सैन्याच्या सरावाच्या माळावर प्रात्यक्षिक होतं. झुडपांत बारा सैनिक लपले होते आणि चार गावकरी हिंडत होते. यंत्राने हत्यारबंद माणसाभोवती लाल चौकट काढायची, इतरांभोवती हिरवी. आम्ही रबरी बूट घालून पडद्यासमोर उभे होतो. बारा लाल चौकटी आल्या. तीन हिरव्या आल्या. मग एका वाकलेल्या आकृतीभोवती तेरावी लाल चौकट आली आणि तिथेच राहिली.

"ही कोण?" कॅप्टन उर्मासने विचारलं.

"माझी सासू," राग्नार म्हणाला. "अळंबी वेचतेय. हातात छोटी सुरी आहे."

"जुलैच्या चाचणीत असंच कुणीतरी होतं. तेव्हा हिरवी चौकट आली होती."

"सासू तेव्हा नव्हती," विक्री सांभाळणारा इवार पुटपुटला. कुणी हसलं नाही.

संध्याकाळपर्यंत कळलं की यंत्राला शिकवायच्या चित्रांतली तीनशे बारा चित्रं नाहीशी झाली आहेत. चित्रांचं काम मारित बघायची; दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या तिच्या संगणकात माझ्या नावाच्या पत्राचा कच्चा मसुदा सापडला.

२

"तिने मुद्दाम यंत्र आंधळं केलं," राग्नार म्हणाला. आम्ही त्याच्या खोलीत बसलो होतो, जुन्या सूतगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर. "चित्रं तिच्या ताब्यात. करार तिला नको होता, तसं तिने लिहिलंय. तुम्हालाच लिहिलंय."

"हो."

"तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"काहीच नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. "गुरुवारी सुरक्षा खात्याची माणसं येतायत," तो म्हणाला. "त्यांच्या लेखी हा साधा खोडसाळपणा नाही. सैन्याचं काम बिघडवलं, तेही सीमा शंभर किलोमीटरवर असताना. कुणाच्या सांगण्यावरून, असा प्रश्न येणार. पोरगी तुरुंगात जाईल. त्याआधी मला खात्री हवीय. तुम्ही विचारून बघा."

"मी? मला कुणाला प्रश्न विचारता येत नाहीत, राग्नार."

"म्हणूनच. लोक तुमच्याशी बोलतात. तुम्ही मध्ये बोलत नाही."

मारित घरीच होती, तिचं कंपनीचं ओळखपत्र काढून घेतलं होतं. लहानपणी ती आईबरोबर माझ्या नकाशांच्या खोलीत यायची आणि टेबलाखाली बसून नद्यांची नावं पाठ करायची. आज तिने दार उघडलं आणि बाजूला झाली, या म्हणाली नाही.

"चौकशीला आलात की उत्तर द्यायला?"

"चौकशीला," मी म्हणालो. खोटं बोलणं मला जमत नाही.

"वा. दोन महिन्यांनी." तिने तरीही कॉफी ओतली आणि राय धान्याच्या काळ्या पावाची बशी पुढे सरकवली. "काका, मला काढायची असती तर मी सांगून काढली असती. राग्नारच्या टेबलावर राजीनामा ठेवला असता आणि वर्तमानपत्रात लिहिलं असतं. मला गुपचूप काही जमतं का?"

जमत नाही, हे मला माहीत होतं. पण ओळखीच्या माणसाबद्दलची खात्री पुरावा होत नाही. मी विचारलं, चित्रं नाहीशी होतात कशी?

"कुणी पुसत नाही. चित्रांवर खुणा करणाऱ्या बायका आहेत ना, त्यांना एखादं चित्र नीट दिसलं नाही तर त्या ते 'अस्पष्ट' खात्यात टाकतात. तीस दिवसांनी ते खातं आपोआप रिकामं होतं. ही सगळी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्यात गेलीत."

"कुणी टाकली त्याची नोंद?"

"नसते. सगळ्यांचा परवलीचा शब्द एकच. भिंतीवर चिकटवलाय." तिने एक जाड गठ्ठा माझ्यापुढे टाकला. "चित्रं गेली, पण यादी राहिलीय. तारीख, जागा, चित्रात काय होतं, सगळं आहे. वाकलेल्या माणसांची जी चित्रं उरलीत, त्यांचीही यादी मागे आहे. वाचायला तुम्हाला आवडतं. वाचा."

जाताना दारात ती म्हणाली, "तुम्ही नुसतं 'नाही' लिहिलं असतंत तरी करार अडला असता. माहीत होतं तुम्हाला?"

माहीत होतं.

३

बुधवारी सकाळी कचेरीत गेलो. इवार खिडकीत बसून सफरचंद खात होता.

"या, गुप्तहेर. माझ्यावर संशय घ्यायचा असेल तर लवकर घ्या, मला तालिनची गाडी पकडायचीय."

"तुम्ही बायकांना काही सांगितलं होतं का? ऑगस्टमध्ये?"

त्याचं चावणं थांबलं. "घाई करा म्हटलं. करार जवळ आला होता. चौदा तारखेला सगळ्यांना बसवून सांगितलं, ही सगळी चित्रं, जागांसकट, सैन्याकडे जाणार. शंका असेल ते 'अस्पष्ट'मध्ये टाका आणि पुढे चला." तो जरा वेळाने म्हणाला, "हे तुम्ही राग्नारला सांगणार का?"

"तुम्हीच सांगा ना."

"तुम्ही फार वाईट गुप्तहेर आहात," तो म्हणाला, पण सफरचंद त्याने खाली ठेवलं.

खुणा करायच्या खोलीत तेव्हा हेल्मी एकटीच होती. सत्तरीची, पूर्वी टपाल वाटायची. चित्रांत माणूस कुठला आणि झाडाचं खोड कुठलं हे तिच्याइतकं कुणालाच कळत नाही. टेबलावर खारवलेल्या अळंब्यांची बरणी होती. दर शरद ऋतूत ती सगळ्यांसाठी आणते.

"घ्या, नकाशेवाले. काटा घ्या, हाताने नको."

मी घेतली. मोहरी आणि शेपूचा वास. "कुठल्या या?"

"जंगलातल्या," हेल्मी म्हणाली.

आमच्याकडे या प्रश्नाला हेच उत्तर मिळतं. विचारणं रीतीला धरून आहे, आणि न सांगणंही.

"मारितला खरंच पकडणार?" तिने विचारलं. ती पडद्याकडे बघत होती.

"उद्या येतायत."

"पोरीने काही केलं नसेल." तिने बरणीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "साडेतीनची बस आहे मला. ती चुकली की साडेसहापर्यंत काही नाही. गाडी मी जन्मात चालवली नाही. पाय आणि बस, एवढंच."

मी उगाच म्हणालो की पाय आणि बस मलाही पुरतात, आणि बाहेर आलो. मला काहीच विचारता आलं नव्हतं. ती बरणीचं झाकण सारखं का लावत-काढत होती, एवढाच प्रश्न घेऊन मी घरी गेलो.

४

यादी वाचायला सुरुवात केली तेव्हा बारा वाजले होते. यादी म्हणजे शेवटी कोरडी गोष्ट, पण मला कोरड्या गोष्टींत रमायला होतं.

पहिल्या शंभर ओळींत राग्नारचं म्हणणं खरं वाटलं. 'स्त्री, वाकलेली, हातात सुरी.' 'पुरुष, गुडघ्यावर, टोपली.' यंत्राला चुकवायचं असेल तर हीच चित्रं काढायला हवीत. वाकलेला, हातात काहीतरी धरलेला, झुडपात दडल्यासारखा माणूस निरुपद्रवी असू शकतो, हे यंत्र यांच्यावरूनच शिकलं होतं. एकशे सातव्या ओळीवर मी थांबलो.

'माणूस नाही. पाइन वृक्ष, शेवाळ.'

पुढे आणखी एक. मग चार. मी मोजली. तीनशे बारांपैकी एकेचाळीस चित्रांत माणूसच नव्हता. नुसती झाडं.

ज्याला यंत्र माणसांच्या बाबतीत आंधळं करायचंय, तो रिकाम्या जंगलाची चित्रं कशाला काढेल? आणि वाकलेल्या माणसांची इतर सहाशे चित्रं, पश्चिमेच्या जंगलांतली, त्याने तशीच कशी ठेवली? ज्याने हे केलं त्याला चित्रातल्या माणसाशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याला जागेशी होतं.

मी जुन्या नकाशांचा गठ्ठा काढला. मारितचं पत्र वरच होतं, ते बाजूला ठेवलं. पेन्सिलीने एकेक जागा मांडत गेलो. ठिपके एका ठिकाणी गोळा होऊ लागले, आग्नेयेला, एका वळणावळणाच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना. दोन किलोमीटरच्या पलीकडे एकही ठिपका नाही. म्हातारं माणूस टोपली घेऊन जितकं चालेल तितकं अंतर. जमीन कोरडी, पाइन जुने, शेवाळ जाड. तारखा सगळ्या मागच्या दोन वर्षांतल्या, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर.

तो रस्ता मी आजच्या नकाशावर पाहिला. त्यावर बसचे पाच थांबे होते. राग्नार गाडीने फिरतो, इवार तालिनमध्ये राहतो, मारित सायकलवर. त्या रस्त्याने तार्तूहून साडेतीनला एक बस सुटते, आणि मग साडेसहापर्यंत काही नाही.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

५

बसमध्ये हेल्मी मागच्या बाकावर होती. मला बघून तिने पिशवी मांडीवर घेतली, म्हणजे शेजारी जागा झाली. बस शहराबाहेर पडली. मग तिने विचारलं, "नकाशावर मांडलंत?"

"हो."

"सगळं?"

"पाचही थांबे."

तिने डोळे मिटून घेतले. मी कुणाला इतकं उघडं पाडल्याचं मला आठवत नाही, आणि ते अळंब्यांवरून होतं.

"माझ्या आजीची जागा आहे ती," ती म्हणाली. "आजीने आईला दाखवली, आईने मला. नवऱ्याला नाही दाखवली मी, तीस वर्षांत. बचावपथकवाले चारच जण, त्यांचं काही नाही, त्यांना वेळ कुठेय. पण तो इवार म्हणाला की सैन्याकडे जाणार, जागांसकट. अहो, सैन्य म्हणजे काय? अर्धा देश राखीव सैन्यात. माझा जावई आहे, शेजारचा आहे, खाटीक आहे. आणि त्यांच्या बायका. एका रविवारात सगळं साफ."

"यंत्र त्यावर शिकतं, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"तेवढी चित्रं गेली तर काय बिघडतंय, असं वाटलं. चाळीस हजार आहेत. त्याने राग्नारच्या सासूला सैनिक ठरवलं हे ऐकलं आणि माझी झोप गेली." तिने पिशवीचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला. "मारितवर येईल असं मला वाटलं नव्हतं. सोमवारपासून रोज सांगायला जाते आणि रोज बरणी ठेवून परत येते."

मी तिला दोष द्यायला हवा होता. पण सात वेळा लिहायला बसलेला माणूस कुठल्या तोंडाने देणार?

"उद्या दहा वाजता," मी म्हणालो. "तुम्ही सांगा. जागा कुठली ते कुणी विचारणार नाही, आणि मी माझा नकाशा घरी ठेवून येईन."

"घरी नको. पुसून टाका."

मी खोडरबर खिशात घेऊनच आलो होतो. पाचव्या थांब्यावर उतरण्याआधी तिने नकाशा हातात घेऊन एकेक ठिपका स्वतः तपासला.

६

गुरुवारी हेल्मीने सगळं उभ्याने सांगितलं. सुरक्षा खात्याचे दोघे लिहून घेत होते. त्यातल्या धाकट्याने मान वर केली.

"ही नेमकी कुठली जागा म्हणालात?"

"नव्हते म्हणाले," हेल्मी म्हणाली.

"नोंदीसाठी नको," कॅप्टन उर्मास म्हणाला. "पण साधारण कोणती बस?" वातावरण इतकं सैलावलं की इवारही हसला. मग त्याने स्वतःहून 'अस्पष्ट'मध्ये टाका हे सांगितल्याचं कबूल केलं. सुरक्षा खात्याच्या मोठ्या अधिकाऱ्याने वही मिटली आणि मारितला म्हणाला, तुमच्याविरुद्ध काही नाही. ती भिंतीला टेकून उभी होती. तिने फक्त मान हलवली.

"मग सुटलं," राग्नार हात चोळत म्हणाला. "बचावपथकाकडे मूळ चित्रं आहेत. ती परत घालू, यंत्र पुन्हा शिकेल, दोन आठवड्यांत प्रात्यक्षिक. सासू हिरवी."

सगळे उठायला लागले. मी बैठकीत बोलत नाही. समितीत आल्यापासून बोललेलो नाही. माझा मामा मी जन्मण्याआधी, परक्या सैन्याच्या काळात, चार वर्षं त्या आग्नेयेच्याच जंगलात लपून होता, आणि एका सकाळी पाणी घेण्यासाठी वाकलेला असताना कुणीतरी त्याला लांबून पाहिलं आणि गोळी झाडली. त्याच्या हातात काय होतं यावर घरात एकमत कधीच झालं नाही.

"एक विचारायचंय," मी म्हणालो. आवाज नीट आला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो. "हेल्मीबाईंनी तीनशे चित्रं झाकली आणि यंत्राने एका म्हातारीला सैनिक ठरवलं. सरोवरापलीकडे म्हाताऱ्या नाहीत का? त्याही अळंब्या वेचतात, सुरीनेच. त्यांची किती चित्रं आहेत आपल्याकडे?"

राग्नारने इवारकडे पाहिलं. इवारने टेबलाकडे.

"एकही नाही," मारित म्हणाली.

कॅप्टन परत खाली बसला. "हे यंत्र मला हवंय," तो सावकाश म्हणाला. "माझी पोरं त्या रेषेवर उभी आहेत, झुडपात कोण आहे ते त्यांना आधी कळलं तर ती घरी येतील. पण हे मला जुलैमध्ये कुणी का नाही सांगितलं?"

"सांगायचं काम माझं होतं," मी म्हणालो.

मग कॅप्टन म्हणाला की प्रात्यक्षिक फसल्यामुळे जुना करार तसाही पुढे जात नाही. नवा प्रस्ताव येईल, तो समितीपुढे जाईल. नवे चौदा दिवस. राग्नारने नाइलाजाने मान डोलावली.

जिन्यात मी मारितला गाठलं. "तुझं म्हणणं बरोबर होतं. मला ते तेव्हाच..."

"तोंडी नको," ती म्हणाली. "मी लिहिलं होतं. तुम्हीही लिहा."

घरी येऊन आठव्यांदा लिहायला बसलो. दुसऱ्या परिच्छेदात अडकलो, तेव्हा तो तसाच अडकलेला ठेवला आणि पुढे गेलो. लिहिलं की सैन्याला यंत्र नाकारावं असं मला म्हणता येत नाही, कारण माझ्या खिडकीतून सीमा दिसत नसली तरी ती कुठे आहे ते मला माहीत आहे. यंत्राने माणूस दिसला एवढंच सांगावं. लाल की हिरवं हे त्याने ठरवू नये. ते अशा माणसाने ठरवावं ज्याला नाव आहे, आणि चूक झाली तर ज्याच्या घरी जाऊन विचारता येईल. यंत्र जोवर लाल चौकट काढतंय, तोवर माझं उत्तर 'नाही' आहे. मी चुकत असेन. मी बऱ्याचदा चुकतो. पण गप्प राहून मी जे केलं ते चुकण्यापेक्षा वाईट होतं, आणि त्याची किंमत तू भरत होतीस. प्रश्न विचारलास म्हणून आभार. उशिराबद्दल माफी मागतो.

एक प्रत राग्नारच्या नावाने केली. दोन्ही पाकिटांवर तिकिटं लावली आणि शुक्रवारी सकाळी चौकातल्या नारिंगी टपालपेटीपाशी गेलो. आधी राग्नारचं टाकलं. मारितचं हातात थोडा वेळ धरलं, मग तेही टाकलं. झाकण खाडकन मिटलं.

लगेच दुसऱ्या परिच्छेदासाठी एक चांगलं वाक्य सुचलं. मी फटीत बोटं घालून पाहिली. पत्र केव्हाच तळाला गेलं होतं.